मथुराबाईंच्या विहिरीतलं मीठ

विश्रांतवाडी, पुणे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. आनंद,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघी ठीक. आईचं ब्लडप्रेशर गोळी बदलल्यापासून ताळ्यावर आहे. जेवणातलं मीठ कमी केल्याबद्दल मात्र ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पायलचा खोकला गेला का? हे पत्र तिच्याच हाती देते आहे. धानोरीहून खराडीला ऑफिसला जाताना ती आमच्या दारावरून जाते, तेव्हा तुझी बायको हेच आपलं टपालखातं.

पत्र का, ते तुला माहीत आहे. रविवारी फोनवर तू म्हणालास, "ताई, तू रडायला लागतेस, मग मी ओरडतो, आणि मुद्दा राहतो बाजूला. जे काय असेल ते लेखी दे." आणि फोन ठेवलास. दोन दिवस मला राग होता. मग वाटलं, बरोबर बोललास. बोलताना माझं वाक्य अर्ध्यात वळण घेतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कागदावर ते निदान दिसतं.

तर लेखी देते.

तेवीस तारखेला, रविवारी, तुझी शेड ज्यांच्या जागेत आहे त्या तात्यारावांच्या रिकाम्या पोल्ट्रीत सभा आहे. तात्याराव आणि मांजरीतले आणखी नऊ शेतकरी तुझ्या कंपनीच्या करारावर सह्या करणार आहेत. प्रत्येकाच्या रानात आपल्यासारखी एक कोळंबीची शेड. त्या कराराला पाण्याच्या तपासणीचा माझा अहवाल जोडलेला आहे. चौदा पानं, शेवटी माझी सही, आणि पहिल्याच पानावर ते वाक्य: 'या शेडमधून खाऱ्या पाण्याचा एक थेंबही बाहेर जात नाही.' तुला ते इतकं आवडलं होतं की तू ते शेडच्या दारावर रंगवून घेतलंस. मी तेव्हा 'नको रे' म्हटलं होतं, पण फोटो मात्र काढला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की सभा महिनाभर पुढे ढकल.

शनिवारी मथुराबाई आल्या होत्या. शेडच्या पूर्वेला ज्यांचं एकरभर रान आहे, ज्यांना तू 'खारट मावशी' म्हणतोस, त्याच. मोशीला पुतणीकडे चालल्या होत्या, वाटेत उतरल्या. पत्ता त्यांनी तात्यारावांकडून घेतला. हातात पाण्याची एक बाटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली घेवड्याची पानं. पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या. ती पानं त्यांनी माझ्या टेबलावर एकेक करून मांडली, मी परीक्षा घ्यायला बसल्यासारखी.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र खोटं हाय आसं म्या म्हणत न्हाई. पण माझा घेवडा बी खोटं बोलत न्हाई."

मी काही बोलायच्या आत आईने बाटली उघडून घोटभर तोंडात घेतलं. मी ओरडले तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "नंदे, हे आमटीत घाल. वरून मीठ नको."

मथुराबाई हसल्या नाहीत. चहाही घेतला नाही.

त्या गेल्यावर मी घरातलं खारेपणा मोजायचं छोटं यंत्र त्या पाण्यात बुडवलं. आकडा चार हजारांच्या वर गेला. सप्टेंबरात त्याच विहिरीचा मी नऊशे लिहिलेला आहे, आणि घेवडा हजाराच्या पुढे तग धरत नाही. अर्थात, ती बाटली आधी कशाची होती, कशी धुतली होती, हे ठाऊक नाही. त्यामुळे तो आकडा मी धरत नाही. सोमवारी सतरा तारखेला सुट्टी काढून स्वतः जाणार आहे, तेव्हा रीतसर पाणी घेईन.

तोवर तू एक कर. शेडमधली नोंदवही काढून जुलै महिना बघ. टाक्या कधी रिकाम्या केल्या, पाणी कुठे गेलं. टाक्यांतलं खारं पाणी उन्हात आटवायचं तळं पावसाळ्यात भरून वाहिलं असेल, त्याचं प्लास्टिकचं अस्तर कुठे फाटलं असेल. जुलैत काही वेगळं घडलं होतं का, मला आठवत नाही.

चिडू नकोस. तुझ्या शेडवर माझा विश्वास होता आणि आहे.

आईचे आशीर्वाद. तिने तिळाची चटणी दिली आहे, पायलच्या डब्यात आहे.

तुझी,
नंदाताई


विश्रांतवाडी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. आनंद,
जय भीम.

तुझी चिठ्ठी पायलने गुरुवारीच आणून दिली. ती दारातच उभी राहिली, म्हणाली, "ताई, मी वाचलेली नाही," आणि डोळे खाली. म्हणजे वाचली आहे. ठीक आहे, तिलाही कळायला हवं.

दोन ओळी: 'जुलै तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. १९ जुलै, सकाळी सहा. तू म्हणाली होतीस, मला सांगू नकोस. मी सांगितलं नाही.'

या ओळींना उत्तर द्यायला मला पाच दिवस लागले. आधी मी काल काय पाहिलं ते सांगते.

मुंढव्याच्या पुलावर नेहमीप्रमाणे अर्धा तास गेला. अकराला पोचले. या आठवड्यात शेतीची वीज दिवसाच्या पाळीला आहे, त्यामुळे मोटर सुरू करता येणार होती. मथुराबाई बांधावर बसल्या होत्या. घेवडा उपटून टाकलाय त्यांनी. अर्ध्या रानात मेथी टाकली होती, ती उगवलीच नाही. वाफ्यांमध्ये माती नुसती पांढुरकी दिसते.

मी आधी दोरीला बाटली बांधून वरचं पाणी घेतलं, सप्टेंबरात घेतलं होतं तसंच. आकडा आला हजार. मथुराबाईंनी तो वाचायला लावला, मी वाचला. त्या म्हणाल्या, "म्हंजे आज बी माझीच जीभ वाईट." मग मोटर सुरू केली. पहिल्या धारेला एकवीसशे. वीस मिनिटांनी चार हजार सहाशे. तिथेच थांबला.

खारं पाणी जड असतं, आनंद. ते तळाशी बसतं आणि पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर राहतं. त्यांची मोटर तळातून ओढते. मी सप्टेंबरात गेले तेव्हा वीज रात्रीच्या पाळीला होती, दिवसा मोटर बंद, म्हणून मी वरचं पाणी घेतलं आणि लिहून टाकलं की विहीर गोडी आहे. ही माझी चूक.

याच आकड्यावर मी ऑक्टोबरच्या सभेत त्यांना गप्प केलं होतं. तू तिथेच होतास. त्या उभ्या राहून म्हणाल्या की पाणी खारट लागतंय, आणि मी म्हटलं, "मथुराबाई, जिभेचा दाखला प्रयोगशाळेत चालत नाही. चालला असता तर आम्ही यंत्रं कशाला घेतली असती, पापड घेतले असते." सगळी पोल्ट्री हसली. तात्यारावांनी मांडीवर थाप मारली. मला ते आवडलं होतं. डायरीत मी त्या दिवशी लिहिलं आहे: 'सभा चांगली झाली.'

मोटर बंद करून मी शेडच्या मागे गेले. तू नव्हतास, तुझा माणूस टाक्यांना हवा देणाऱ्या ब्लोअरपाशी होता, त्याने मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. मुरमाचा तो जुना खड्डा आता मला नकाशाशिवाय सापडतो. कडेने पांढरा थर बसलाय. टाक्यांच्या बाजूने आलेला निळा पाइप त्यात उतरतो, आणि तो नवा नाही, उन्हाने त्याचा रंग गेलाय. तिथून मथुराबाईंची विहीर मी पावलांनी मोजली. एकशे दहा पावलं, उताराकडे.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल.

हो. मला आठवतं. मला पहिल्या पत्रातही आठवत होतं.

आदल्या दिवशीच्या वादळात वीज गेली होती, जनरेटर सुरू झाला नाही, आणि हवा न मिळाल्याने दोन टाक्यांतली कोळंबी सकाळपर्यंत मेली होती. तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, अण्णा गेले तेव्हाही नाही. तू म्हणालास, "ताई, दोन्ही टाक्या आजच रिकाम्या कराव्या लागतील, नाहीतर बाकीच्याही जातील. तळं पावसाने काठोकाठ भरलंय. मागच्या मुरमाच्या खड्ड्यात सोडू?" मी स्वयंपाकघरात होते. कुकरची शिट्टी होत होती. मी नाही म्हणू शकले असते. हो म्हणू शकले असते, आणि ते निदान माझ्या नावावर राहिलं असतं. मी म्हटलं, "हे मला सांगू नकोस."

एका टाकीत ऐंशी हजार लिटर. लिटरला दहा ग्रॅम मीठ. म्हणजे आठशे किलो एका टाकीत, दोन्हींत सोळाशे. काल रात्रीच्या जेवणानंतर मी हे कागदावर मांडलं तेव्हा आई म्हणाली, "पोती किती होतील?" बत्तीस. मथुराबाईंच्या बांधावर तू बत्तीस पोती मीठ रचलं असतंस तर अख्खी मांजरी धावली असती. पाण्यात विरघळलं म्हणून कुणाला दिसलं नाही.

आणि पाइपाचा रंग सांगतो की ते एकदाच झालं नाही. पायलला विचारलं. ती म्हणाली, "टाकी धुतली की तिकडेच जातं, ताई. आनंद म्हणतो, ताईला चालतं." मी एका सकाळी घाबरून बोललेल्या वाक्याचा तू नियम केलास. रागावू कशी? नियमासारखंच वाक्य होतं ते. फक्त त्यावर माझी सही नव्हती.

त्या दिवसाच्या डायरीत मी काय लिहिलंय माहीत आहे? 'पाऊस. आईचं बीपी. भेंडी आणली.' तीस वर्षं मी रोज लिहिते, कुणाशी चढ्या आवाजात बोलले तेसुद्धा लिहिते. त्या पानावर भेंडी आहे.

मला वाटायचं आपण काहीतरी वेगळं करतोय. एम.एस्सी.च्या सहलीत मी कोकणात खाडीकाठची कोळंबीची तळी पाहिली होती; तिवरं तोडून केलेली, आणि घाण पाणी सरळ खाडीत. तेव्हापासून डोक्यात होतं की बंदिस्त शेड, तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं, खाडीला हात लावायचा नाही. तू नोकरी सोडून ते उभं केलंस. अजूनही मला वाटतं की हे जमेल. पाणी आटवायच्या तळ्यावर छप्पर हवं, अस्तर दुहेरी हवं, अडीनडीला दोन टाक्यांचं पाणी मावेल अशी एक रिकामी टाकी कायम राखायला हवी, आणि शेजारच्या विहिरी मोटर चालू करून तपासायला हव्यात. पण हे सगळं 'हवं' आहे. अहवालात मी 'आहे' लिहिलं.

शुक्रवारपर्यंत तू स्वतः तात्यारावांना जाऊन सांग. खड्ड्याचं सांग, विहिरीचं सांग. तुझ्या तोंडून गेलं तर लोक शेड सुधारण्याचं बोलतील. माझ्या तोंडून गेलं तर तुझं नाव आधी येईल.

उत्तर दे. चिठ्ठी नको, ये.

नंदाताई


विश्रांतवाडी
शनिवार, २२ नोव्हेंबर, दुपार

चि. आनंद,

तू गुरुवारी आलास, पण आत आला नाहीस. आई आतून विचारत होती, "कोण आहे, आनंद आहे का?" आणि तू दारातच, बूट न काढता. म्हणून जे बोलणं जिन्यात झालं ते इथे लिहून ठेवते. माझ्याकडून काही गळलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, "रविवार जाऊ दे, ताई. सोमवारी खड्डा बुजवतो. तुझ्यासमोर."

"आणि बाकीचे दहा?"

"त्यांना सांगू ना, तळ्यावर छप्पर घाला म्हणून."

"का घाला, असं विचारलं तर?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन वर येत होत्या, आपण दोघे भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि त्यांना हसून दाखवलं. त्या गेल्यावर तू हळू आवाजात म्हणालास, "तुला काय जातंय. तू लॅबमध्ये परत जाशील. डिसेंबरात कोळंबी निघणार आहे माझी. करार झाला नाही तर तात्याराव दुसऱ्या दिवशी जागा सोड म्हणतील." मग म्हणालास, "आणि ते आपल्याबद्दल काय बोलतील हे तुला वेगळं सांगायला हवं का?"

नको. मला माहीत आहे. आडनाव न घेता बोलतील. अण्णांनी खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली आणि हातभर जमीन पाहिली नाही. तू मांजरीत दोन एकर करारावर घेतलीस, आणि त्या सभेत मी गेले की तात्याराव स्वतः उठून खुर्ची देतात. पहिल्यांदा दिली तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं होतं. ती खुर्ची मला किती हवी होती हे गेल्या दोन आठवड्यांत मला कळलं. उद्यानंतर ती कदाचित मिळणार नाही, आणि तुझ्या-माझ्या चुकीचा हिशेब आपल्या सगळ्या लोकांच्या नावावर टाकणारा एखादा तिथे निघेलच. त्याच्या भीतीने मी गप्प बसले तर मथुराबाईंच्या विहिरीतलं मीठ कमी होत नाही.

आता एक गोष्ट, जी मी तुला मागच्या पत्रात चुकीची सांगितली.

मी लिहिलं होतं की सप्टेंबरात वरचं पाणी घेतलं ही माझी चूक. ती चूक नव्हती. मोटर बंद आहे म्हटल्यावर मथुराबाई म्हणाल्या होत्या, "उद्यापासनं दिवसाची पाळी हाय. उद्या अकराला या, मोटर चालू करून देते." मी म्हटलं, "त्याची गरज नाही." आणि माझ्या पिशवीत खोल पाणी काढायची बाटली होती, वजनाची, तळाशी जाऊन उघडणारी. लॅबमध्ये नव्या मुली येतात त्यांना मीच शिकवते, विहिरीचं पाणी तीन पातळ्यांवरून घ्या. ती बाटली मी पिशवीतून काढलीच नाही.

तेव्हा मनात 'लपवायचं' असं काही आलं होतं का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. खरंच आलं नव्हतं. मला घाई होती, ऊन होतं, लॅबचा फोन येत होता, सगळं खरं आहे. पण तळाशी काय असू शकतं हे मांजरीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तुलाही नाही. तुला फक्त खड्डा माहीत होता. मला खड्डा माहीत होता आणि पाणीही. म्हणून मी वरून घेतलं. तू मला सांगितलं नाहीस, आणि मी विहिरीला विचारलं नाही.

हे लिहिल्यावर मी उठून पाणी प्याले. तू वाचताना कसा दिसशील ते मला दिसतंय. तू म्हणशील, मग सगळा दोष माझ्यावर कसा? नाहीच आहे. तेच सांगायला मी काल गेले होते.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबले. पाच वाजेपर्यंत तुझा फोन आला नाही, तेव्हा निघाले.

आधी तात्यारावांकडे. अहवाल मागे घेत असल्याचं एक पान मी लिहून नेलं होतं, सहीसकट. त्यात विहिरीचे दोन्ही आकडे आहेत, मी पाणी कसं घेतलं ते आहे, आणि १९ जुलैला मी काय बोलले तेही आहे. खड्डा 'वापरला गेला' एवढंच लिहिलंय, कुणी ते नाही. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला.

"म्हणजे मॅडम, चौदा पानं खोटी आणि हे एक पान खरं?"

"हो."

"त्या चौदा पानांवर मी नऊ घरं फिरलो. आता ती कुणी फिरून मागं घ्यायची?"

"मी येते तुमच्याबरोबर."

"तुम्ही कशाला. पाय दुखतील तुमचे." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "सभा होणार. माणसं बोलावल्यात, मांडव घातलाय. काय सांगायचं ते तिथं सांगा. आन् तुमच्या भावाला बी आणा. का तो आजारी पडणार हाय?"

मी म्हटलं, "त्याचं तो ठरवेल."

मग मथुराबाईंकडे. त्या अंगणात लसूण निवडत होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बाटलीचंसुद्धा. माझी अपेक्षा काय होती कुणास ठाऊक. रागावतील, किंवा रडतील, किंवा बरं झालं सांगितलंत म्हणतील. त्या लसूण निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला घरी येऊन सांगितलंत, ते तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. मला काय त्याचं? समद्यांम्होरं हसवलंत, समद्यांम्होरं सांगा."

मी हो म्हटलं.

"आन् पाणी कधी गोडं व्हईल, ते बी सांगा."

खड्डा आज बुजवला, पुढचे दोन पावसाळे चांगले झाले, कॅनॉलचं पाणी वेळेवर सुटलं, तरी दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांनी स्वतः हेच मोजून ठेवलं होतं.

परत येताना बसमध्ये मी तुझ्यावर चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सारखा तो सकाळी सहाचा आवाज येत राहिला. तू मला परवानगीसाठी फोन केला नव्हतास. तू घाबरला होतास आणि तुला मी हवी होते. मी तुला एकटं सोडलं आणि वर हात झटकले. त्या दिवशी मी म्हटलं असतं, "थांब, मी येते," तर आपण दोघांनी मिळून टँकर बोलावला असता, काहीतरी केलं असतं. याची माफी मी मागते. खड्ड्याची माफी मला देता येत नाही, ती विहीर माझी नाही.

उद्याचं सांगते, म्हणजे तुला तिथे धक्का नको.

सभा दहाला. सगळ्यांत आधी मी बोलणार. मथुराबाईंना मी जे बोलले होते ते मागे घेणार, त्या हसण्यासकट. मग विहिरीचं, मग १९ जुलैचं माझं वाक्य, जसं बोलले तसं. त्यानंतर खड्ड्याचं येईल. त्या दहा जणांना ते कळलंच पाहिजे, नाहीतर ते समजतील की फक्त पाणी घेण्यात चूक झाली, आणि पुढच्या वर्षी मांजरीत असे दहा खड्डे असतील. तिथे पोचले की मी थांबेन आणि तुझ्याकडे बघेन. तू उठलास तर मी खाली बसेन, आणि पुढचं सगळं तू तुझ्या शब्दांत सांग. छप्पर, रिकामी टाकी, जे तुला सुचेल ते. तुला माझ्यापेक्षा चांगलं सुचतं. तू उठला नाहीस, किंवा आलाच नाहीस, तर मी सांगेन. तुझं नाव घेऊन. ते मी टाळणार नाही, आनंद. तुला आत्ताच कळावं म्हणून हे पत्र पायलकडे न देता मी स्वतः धानोरीला येऊन दारातून टाकणार आहे. बेल वाजवणार नाही.

आईला आज सकाळी सगळं सांगितलं. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, मी पण येते. मी नको म्हटलं नाही. मग तिने कपाट उघडून पांढरी साडी काढली, जयंतीला नेसते ती, आणि इस्त्री करायला बसली. अर्ध्या साडीवर थांबून तिने विचारलं, "तिथे गेल्यावर मी कुणाजवळ बसू, तुझ्याजवळ का त्याच्याजवळ?"

मी तिला म्हटलं, मथुराबाईंजवळ बस.

उद्या दहाला तुझ्याकडे बघणारी,
नंदाताई